पट्ट्याचा वळ

दर रविवारी सकाळी मी गाडी तपासतो. चारही टायरमधली हवा, स्टेपनीतलीसुद्धा; मग ऑइल, कूलंट, वायपरच्या टाकीतलं पाणी आणि शेवटी सगळे दिवे. बायको खिडकीतून बघते आणि विचारते, "झाली का पेशंटची नाडी बघून?" हसू दे तिला. अर्धा तास जातो खरा, पण आमची गाडी सहा वर्षांत एकदाही रस्त्यात बंद पडलेली नाही.

माझा धंदाच तसा. मी विमा कंपनीचा सर्व्हेअर. आपटलेल्या गाड्या बघायच्या आणि मालक सांगतो त्यातलं खरं किती ते लिहायचं. लोक काय वाट्टेल ते सांगतात हो! गाडी ठोकलेली असते मुलाने, त्याच्याकडे लायसन्स नसतं, मग बाप छातीठोकपणे म्हणतो, मीच चालवत होतो. मी फक्त म्हणतो, शर्टाची वरची दोन बटणं काढा. गाडीत उजवीकडे बसणाऱ्याच्या उजव्या खांद्यावरून पट्टा खाली येतो, डावीकडे बसणाऱ्याच्या डाव्या. जोरात ब्रेक लागला की तिथे वळ उठतो. बापाचा खांदा कोरा, मुलाच्या उजव्या खांद्यावर लालभडक पट्टा. मग बाप खाली बघतो आणि मी फाइल मिटतो.

वर्षातून तीनचार वेळा मुलीच्या शाळेत पालकांना सुरक्षित ड्रायव्हिंगवर तासभर सांगतो. बारा वर्षांखालचं मूल मागेच बसवा, चाइल्ड लॉक लावा, दप्तर मागच्या काचेजवळ ठेवू नका. आणि एका गोष्टीवर मी दरवेळी भडकतो. पट्टा नाही म्हणून गाडी पीं पीं करते, तर काही शहाणे पट्टा अंगावर न घेता तसाच रिकामा खोबणीत अडकवतात. आवाज बंद, काम फत्ते. त्यांना मी भर सभेत सांगतो, "गाडी तुम्हाला काहीतरी सांगतेय. तिचं तोंड दाबू नका."

आमची मुलगी सात वर्षांची. घरात तिला सगळे मुंगी म्हणतात, कारण सतत काही ना काही ओढून आणते. खडे, बटणं, पेन्सिलींचे तुकडे, सगळा ऐवज गाडीच्या दाराच्या खिशात जमा. जन्मली तेव्हा दीड किलोसुद्धा नव्हती. पंचवीस दिवस काचेच्या पेटीत होती आणि मी रोज सकाळी नर्सला एकच प्रश्न विचारायचो, "आज किती?" तेव्हापासून तिचं वजन मला तोंडपाठ असतं. गेल्या महिन्यात बावीस किलो झालं. आम्हाला दुसरं मूल नाही, होणारही नाही.

गाडीत ती माझ्या मागे, उजवीकडे बसते. डावीकडची मागची सीट रिकामी. माझ्यासमोर मीटरवर सीटची छोटी चित्रं आहेत. सीट रिकामी असेल तर चित्र विझलेलं. कोणी बसलं आणि पट्टा लावला नाही तर लाल, आणि पीं पीं सुरू. पट्टा अडकवला की हिरवं, मग सीटवर माणूस असो नसो.

तो मंगळवार होता. शाळेच्या वाटेवर पाण्याच्या टाकीपाशी सिग्नल आहे, बाजूला बसथांबा. तिथे आम्ही उभे होतो आणि मागची डावी सीट लाल झाली. पीं पीं पीं.

"मुंगी, दप्तर तिकडे टाकलंस का?"

"नाही बाबा. पायापाशीच आहे."

मी वळून बघितलं. सीट रिकामी होती. पुढे दोन किलोमीटरवर एका हिरव्या फाटकासमोर गतिरोधक आहे. तिथे गाडी हळू केली आणि आवाज आपोआप थांबला.

बुधवारीही तसंच. गुरुवारीही तसंच. सिग्नलला सुरू, फाटकापाशी बंद. परत येताना काही नाही, रविवारी काही नाही, फक्त सकाळी मुंगी गाडीत असताना.

मी वायरमनकडे गेलो. त्याने सीट उचकटली, सेन्सर बदलला. जुना सेन्सरच पुसून परत बसवायचा, ही यांची जुनी सवय. म्हणून मी आधीच जुन्यावर पेनाने खूण करून ठेवली होती. पण त्याने खरोखरच नवा बसवला होता. "साहेब, इतका संशय बरा नव्हे," खूण बघून तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी सिग्नलला पुन्हा पीं पीं.

आमची गाडी कोणाची वापरलेली नाही, कोरी घेतलेली. तरी ऑफिसात बसून मी त्या रस्त्यावरच्या दहा वर्षांच्या अपघातांच्या नोंदी काढल्या. एकही नव्हती. असती तर मला बरं वाटलं असतं.

सिग्नल आणि फाटक यांच्या मध्ये रद्दीच्या गोदामाचा वजनकाटा आहे. शुक्रवारी आवाज सुरू असतानाच गाडी त्याच्यावर चढवली. आमच्या गाडीचं वजन मला माहीत आहे, माझं माहीत आहे, मुंगीचं आणि दप्तराचंही. बेरीज करून बघितली. काट्यावर वीस-पंचवीस किलो जास्त येत होते.

"काटा बरोबर आहे का?" मी विचारलं.

"पाच किलो इकडे तिकडे. त्याच्यावर नाही," काटेवाला म्हणाला.

वीस-पंचवीस. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. मी पुढचा विचार केला नाही आणि मुंगीला शाळेत सोडलं.

सोमवारी शाळेत माझं भाषण होतं. सिग्नलपासून आवाज डोक्यात घुसत होता आणि मी मीटरकडे बघत होतो. मान वर केली तर सायकलवाला अगदी समोर! ब्रेक मारला. त्याच्या चाकात आणि आमच्या बंपरमध्ये वीतभर अंतर उरलं असेल. मुंगी रडायला लागली. ती पीं पीं चालूच होती. त्या रागात मी खाली उतरलो, डावं मागचं दार उघडलं, पट्टा ओढला आणि रिकाम्या सीटवर खट्ट करून अडकवला.

दिवा हिरवा झाला. आवाज बंद. फाटकासमोरच्या गतिरोधकावर गाडी हळू केली तेव्हा मागे पट्ट्याला हिसका बसल्यासारखं काहीतरी वाजलं, पण मी लक्ष दिलं नाही. तासाभराने व्यासपीठावर उभा राहून पालकांना सांगितलं, गाडीचं तोंड दाबू नका. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

आठवडा शांततेत गेला. पट्टा तसाच अडकवलेला राहिला.

मग रविवारी हवा बघताना लक्षात आलं, गाडी मागच्या डाव्या बाजूला बोटभर खाली बसली होती. टायरमध्ये हवा बरोबर होती. मिस्त्रीकडे नेली. त्याने वाकून बघितलं आणि विचारलं, "मागे डावीकडे कोण बसतं रोज?"

"कोणी नाही."

"मग काय ठेवता तिथे?"

मला वाटलं, स्प्रिंग गळ्यात मारायची तयारी चाललीय. मी गाडी घेऊन निघालो.

घरी येऊन गाडी झाडायला घेतली. मुंगीच्या बाजूच्या दाराचा खिसा रिकामा होता, नुसती धूळ. डाव्या दाराच्या खिशात मात्र खडे, एक निळं बटण आणि पेन्सिलींचे तुकडे होते. डावीकडे बसणारं कोणी नव्हतंच, तर हा ऐवज तिथे आणला कोणी? पट्टा सोडून मुंगी सीटवर इकडून तिकडे फिरते, एवढाच अर्थ मला लागला. मी तिला ओरडलो.

"मी माझ्याच जागेवर असते," ती म्हणाली. इतकंच. एरवी ती असं काही ऐकून घेत नाही, दहा वाद घालते. गेले काही दिवस ती गप्प गप्पच होती. बायकोला उलट कौतुक, "किती शहाणी झालीय बघ. परवापासून एकही खडा घरात आणला नाही."

त्या संध्याकाळी तिला कपडे घालताना बायकोने मला हाक मारली. "अरे, हे काय आहे बघ जरा."

मुंगीच्या खांद्यावर वळ होता. पट्ट्याएवढा रुंद, कडेला निळसर. खांद्यापासून छातीवर तिरका उतरलेला.

डाव्या खांद्यावरून.

मी हजार वळ बघितले आहेत. तो डावीकडे बसणाऱ्याचा वळ होता.

बायको आत गेल्यावर मी मुंगीसमोर खाली बसलो. "खरं सांग. तू डावीकडे बसतेस?"

"नाही."

"मग हे कशाने झालं?"

"तिच्यामुळे. तिला उतरायचंय बाबा. हिरव्या फाटकापाशी. तू पट्टा लावलास ना, मग तिला उतरता येत नाही. ती आता मला त्रास देते."

"कोण ती?"

"उतरव ना तिला," मुंगी म्हणाली आणि माझ्या गळ्यात पडली.

माझी पाचावर धारण बसली होती. रात्रभर एकच डोक्यात होतं, हे माझं मूल आहे आणि त्याच्या अंगावर वळ उठलाय. मीच लावला होता तो पट्टा, मीच सोडवणार होतो. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाचं सांगणं न तपासता मान्य केलं.

सकाळी फाटकासमोर गाडी कडेला घेतली. चारही इंडिकेटर लावले. डावं मागचं दार उघडलं आणि पट्ट्याचं लाल बटण दाबलं. पट्टा एरवी सर्रकन आत जातो. त्या दिवशी तो हळूहळू सरकत गेला, कोणीतरी हातात धरून सोडत असल्यासारखा. मध्ये एकदा थांबला. मला वाटलं, माझी बाही कुठेतरी अडकली. बघितलं तर बाही मोकळी होती, पण कापड ओढलेलं होतं, चिमटीत धरल्यासारखं.

"सोड बाबा तिला," मुंगी म्हणाली. ती समोर बघत होती.

मी बाही झटकून सोडवून घेतली. मागे सरकलो.

सीटवर पडलेला खळगा हळूच भरून आला.

समोरचं फाटक नेहमी बंद असतं, कडीला गंजलेलं कुलूप. ते हातभर उघडं होतं. मग ते मिटलं.

मला हायसं वाटलं. खरंच सांगतो, डोळ्यांत पाणी आलं इतकं हायसं वाटलं. गाडी हलकी झाली होती, वळणावर लगेच कळलं.

शाळेपाशी पोचलो. इंजिन बंद व्हायच्या आतच मुंगीने पट्टा सोडला. ही तिची जुनी खोड. मी सवयीने बोललो, "आधी गाडी थांबू दे, ऐकू येत नाही का, कशी ओरडतेय..."

गाडी ओरडत नव्हती.

मी मीटरकडे बघितलं. मागच्या दोन्ही सीट विझलेल्या होत्या. आरशात बघितलं. मुंगी मागे बसली होती, पट्टा सोडून, दप्तर मांडीवर घेऊन. "काय झालं बाबा?" तिने विचारलं.

वळ डाव्या खांद्यावर होता. खडे डाव्या दारात होते, खडे जमवणारी तिथेच होती. पुरावे दोन्ही माझ्या हातात होते आणि मी तोंडी साक्षीवर विश्वास ठेवला.

तिच्या सीटचा सेन्सर बदलला. दोनदा बदलला. गाडी परत काट्यावर नेली, ती मागे बसलेली असताना. काटेवाल्याने आकडा सांगितला. गाडी, मी आणि दप्तर, एवढीच बेरीज होती. बायकोला मी काय सांगू? ती म्हणते, पोरगी गुणाची झाली, नजर लावू नकोस.

आता मी रोज सकाळी दहा मिनिटं लवकर निघतो. फाटकासमोर थांबतो, चाइल्ड लॉक काढतो, डावं दार सताड उघडतो. सीटवर ते निळं बटण ठेवलंय. हळूच हाकही मारतो. फाटकाचं कुलूप मी दोनदा तोडून बघितलं. आत नुसतं गवत आहे.

मग येऊन स्टिअरिंगवर बसतो आणि मीटरकडे बघत राहतो. एकदा, फक्त एकदा ते डावीकडचं चित्र लाल व्हावं, पीं पीं वाजावी. मी आयुष्यात कशासाठी इतका तडफडलो नाही.

मागून, माझ्या मानेच्या अगदी जवळून, ती विचारते, "पट्टा लावू का बाबा?"

"थांब जरा," मी म्हणतो. "अजून सगळे बसले नाहीत."