काचेची दुसरी बाजू

"मामा, असाल तसे निघून या. कुणीतरी माझं नाक कापलंय!"

भाच्याचा फोन आला तेव्हा मामा दाढी करत होते. फौजदारकीतून माणूस निवृत्त होतो, मामेपणातून नाही. अर्ध्या गालाचा फेस पुसून ते निघाले.

भाच्याचा काचेच्या तावदानांचा कारखाना होता. तिथे हात कापले जातात असा बभ्रा झाल्यापासून कामाला कुणी फिरकत नव्हतं. म्हणून त्याने कंपनीची प्रतिमा उजळायला ब्रँडिंगवाल्या मॅडम नेमल्या. त्यांनी हसऱ्या कामगारांचे खिडकीएवढे फोटो काचेच्या चौकटींत बसवून हॉलमध्ये लावले. वर ठळक अक्षरं : 'इथे माणसं जपली जातात.' आज भरतीचा मेळावा होता.

मामा हॉलमध्ये शिरले. हसरे चेहरे गायब. भिंतीवर एकच चौकट : खाटेवर बसलेला माणूस, उजवी बाही कोपरापासून रिकामी. वरची अक्षरं तीच.

"उमेदवार आले, बघितलं, मोबाइलवर फोटो काढले आणि चालते झाले. आता गावभर तोच फोटो फिरतोय!" भाचा धुमसत होता. "हॉलच्या किल्ल्या तिघांकडे. मी, मॅडम आणि हा रखवालदार. मी माझंच नाक कापीन? मॅडम स्वतःच्या कामावर बोळा फिरवतील? उरला हा. संध्याकाळी याला पोलिसांत देतो, आणि फाटकाजवळची खोलीही रिकामी करून घेतो."

"साहेब, त्या खोलीत माझी बायको अंथरुणाला खिळलीय हो," रखवालदार कळवळला.

"फोटोतला हा कोण?" मामांनी विचारलं.

"होता एक. पिऊन कामावर आला, काच पाडली, हात घालवून बसला." भाच्याने विषय झटकला.

मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या.

"तुम्ही कारखान्यात आत जाता का, मॅडम?"

"छे! काचेला कधी हात नाही लावला. माझं सगळं काम कॉम्प्युटरवर."

काढलेल्या चौकटी शेजारच्या खोलीत होत्या. दोन लाकडी पट्ट्यांवर उभ्या, भिंतीला किंचित कललेल्या, मध्ये मध्ये कागद. एकीलाही ओरखडा नाही. खिडकीतून कारखाना दिसत होता. दोन कामगार तावदान नेत होते.

"धरलं?"

"धरलं."

मगच पहिल्याने हात काढला.

"इथला पहिला धडा आहे तो," रखवालदार म्हणाला. "उत्तर आल्याशिवाय काच सोडायची नाही."

मामांनी गाल चोळला. अर्धा गुळगुळीत, अर्धा खरखरीत. "एकेकाने माझ्याबरोबर एकेक चौकट हॉलमध्ये आणायची."

रखवालदाराने चौकट छातीशी कवटाळली, टेबलावर आडवी टाकली आणि "सुटलो" म्हणाला. भाच्याने मोबाइलवर बोलत बोलतच आपली बाजू सोडली.

"अरे, माझा पाय!"

"मला वाटलं, तुम्ही धरली असेल."

मॅडमनी कडांना तळवे लावले. टेबलाशी आल्यावर चौकट आडवी ठेवली नाही. टेबलाखाली पडलेल्या दोन लाकडी पट्ट्या पायानेच ओढल्या, त्यांवर ती उभी टेकवली आणि पुटपुटल्या, "धरलं?"

मामा मुद्दाम गप्प राहिले. मॅडमनी हात काढला नाही.

"धरलं?"

"धरलं," मामा म्हणाले.

इथवर मामांना जे दिसलं ते तुम्हालाही दिसलंय. घटकाभर थांबा, नाव मनाशी धरा, मग पुढे वाचा.

"रखवालदाराला काच ठेवायची कशी ते ठाऊक नाही," मामा म्हणाले. "माझ्या भाच्याला तर काच सोडायचीही कळत नाही. चौकटी उतरवणाऱ्याकडे किल्ली होती आणि काचेची सवयही होती. ज्यांनी काचेला कधी हात लावला नाही, त्यांचे हात इतके शहाणे कसे, मॅडम? कुणी शिकवलं?"

मॅडमनी भिंतीकडे पाहिलं. "त्यांनी. माझे बाबा. घरी खिडकीचं तावदान बदलायचं असलं तरी 'धरलं?' विचारायला लावायचे. आयुष्यात दारूला शिवले नाहीत."

"मग काच पडली कशी?"

"पाहुण्यांसमोर मिरवायला त्या दिवशी दुसरी बाजू मालकांनी धरली होती. फोटो काढून झाला आणि दिली सोडून. विचारलं नाही. वर 'दारुडा' म्हणून हाकललं. त्या शिक्क्यामुळे बाबांना कुणी दारातसुद्धा उभं केलं नाही. गेल्या थंडीत गेले." त्या भाच्याकडे वळल्या. "तुम्ही म्हणालात, लोक आले पाहिजेत. म्हटलं, येऊ देत. भरल्या हॉलात सगळ्यांना दाखवू."

"आणि रखवालदाराचं छप्पर गेलं असतं तर?" मामांचा आवाज कडक झाला.

मॅडमचा चेहरा उतरला. "त्याला हात लागायच्या आत बोलणार होते. पण आधीच बोलायला हवं होतं." त्या भिंतीवरच्या फोटोकडे वळल्या. "चुकलं माझं, बाबा."

"मामा, पोलिसांना बोलवा!" भाचा ओरडला.

"बोलवतो. पण अपघाताचाही जबाब होईल. सांग, प्यायला होता का तो?"

भाच्याने मोबाइल खिशात सारला.

"बोलवाच," मॅडम म्हणाल्या. "मी तर वाटच बघतेय."

दारात कामगार जमले होते. त्यांच्या नजरा चुकवत भाचा भिंतीशी गेला आणि तो फोटो एकट्यानेच उतरवायला लागला. चौकट एका बाजूने खिळ्यावरून सुटली आणि सगळा भार त्याच्या हातांवर आला. काच थरथरली.

"मामा, ती बाजू... धरलं?" जन्मात पहिल्यांदा त्याने विचारलं. "कुणीतरी... धरलं?"

कुणीच उत्तर दिलं नाही.