पडले नाही, प्रेम केलं

“दात तुटलाय,” तिच्या तोंडात डोकावत दंतवैद्य म्हणाला.

तोंडातला कापूस निघेपर्यंत तिनं कसाबसा दम धरला. “तुटला नाही, मी तोडला. अक्रोड फोडताना.”

“फरक काय पडतो?”

“‘तुटला’ म्हटलं की तोडणारा पसार! मी संशोधन करते ना, तोच माझा विषय. घडलेल्या गोष्टीत कोणतं क्रियापद करणाऱ्याला धरून ठेवतं आणि कोणतं त्याला अलगद सोडून देतं...”

मास्कच्या वरून त्याचे डोळे हसले. “मग सोमवारी या, क्रियापदवाल्या बाई. कॅप बसेल... म्हणजे, मी बसवेन.”

दात केव्हाच बरा झाला. तिच्या चकरा काही थांबल्या नाहीत. बाईंची ‘तू’ झाली. एका संध्याकाळी दवाखान्याच्या पायरीवर कॉफी पिताना तो अडखळला. “तुला एक सांगायचं राहिलंय... माझं एक लग्न मोडलंय.”

“मोडलंय?” तिनं हळूच विचारलं.

त्यानं कप पायरीवर ठेवला. “मी मोडलं. तिला वेळ देणं मला जमलं नाही... नाही, दिलाच नाही मी.”

सगळं खापर त्या समोर नसलेल्या बाईवर फोडणं किती सोपं होतं! त्यानं फोडलं नाही. हाच, तिनं मनाशी ठरवून टाकलं.

घरी सांगितल्यावर दादाचा पारा चढला. “घटस्फोट झालेला माणूस? या वयात पडतात मुली प्रेमात. उठायचं, कामाला लागायचं!”

“माझा पाय घसरला नव्हता, दादा. डोळे उघडे ठेवून प्रेम केलंय मी.”

“मला व्याकरण शिकवू नकोस. त्याला या घराचं दार बंद आहे.”

“‘बंद आहे’ नको. ‘मी बंद करतोय’ म्हण. माझ्याकडे बघून म्हण.”

दादानं मान खिडकीकडे वळवली. आई दाराजवळ पदराशी चाळा करत उभी होती. तिच्या बाजूनं वाट काढत लेकीनं पायात चपला सरकवल्या आणि ती तडक जिना उतरली.

समोरच्या फुटपाथवर तो तिची वाट बघत उभा होता, चेहरा पार उतरलेला. “काय झालं?”

“भांडले!” तिनं भर रस्त्यात त्याचा हात धरला.

“अगं... वरून दादा बघतोय. शेजारचे पण!”

“बघू देत.”

पण त्यानं हात सोडवून घेतला नाही. उलट बोटं घट्ट गुंफली.

वर दादानं खिडकीची एक झडप धाडकन ओढली. दुसरी आईनं धरून ठेवली होती.