अण्णाबंदी

सोमवारी सकाळी सव्वादहा वाजता सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या गुरुबसप्पा सरांच्या करसल्लागार कार्यालयात 'अण्णा' आणि 'अक्का' हे दोन शब्द बंद झाले. यापुढे फक्त सर आणि मॅडम.

नियम उत्कर्षाचा. कुर्डुवाडीहून रोज ये-जा करणारी ही नवी व्यवस्थापक. पुण्याच्या मोठ्या ग्राहकानं "ऑफिस आहे की भाऊबंदांची पंगत?" असं विचारलं होतं, काम हातचं जाता जाता राहिलं होतं.

"मला काय तिप्पसर म्हणणार?" कारकून तिप्पण्णानं विचारलं. कुणी हसलं नाही.

सगळ्यांची अक्का म्हणजे हिशेब बघणाऱ्या काशम्मा. त्यांनी डबा उघडलाच नाही. "मॅडम म्हटलं की वाटतं, माझ्या मागं कुणीतरी उभं हाय. पोरांची अक्का न्हाय, तर मी हितं कशाला? उद्यापासून येत न्हाय."

"अक्का गेल्या तर मीपण," विवरणपत्रं भरणारा श्रीशैल शांतपणे म्हणाला.

उत्कर्षानं हातातली फाइल मिटली. भीती कार्यालयाची होती की श्रीशैल जाण्याची, हे तिला नेमकं ठाऊक होतं.

दुपारी अरुंद जिन्यात तोच समोर आला. दोघांना एकदम जाता येईना.

"वाट सोडा... सर."

"आधी एक सांगा की, मॅडम. आपल्या शिपाई शिवशरणला तुम्ही पहिल्या दिवसापासून अण्णा म्हणालात. सोलापुरात रिक्षावाल्यालाही म्हणतात. मीच काय घोडं मारलं? मला आपलं, 'अहो, ते जरा...'"

तिचे कान तापले. "बरंच लक्षात ठेवता की."

"बरंच नाही. तुमचं तेवढं."

ती भिंतीला टेकली. तो निघाला, त्याची बाही तिच्या मनगटाला लागली – आणि वरच्या पायरीवरून तिप्पण्णाचा आवाज आला, "आत्ता कळलं! एकाला अण्णा म्हणायचं नव्हतं, म्हणून सगळ्यांचं नातं तोडलं व्हय?"

मागे दारात गुरुबसप्पा सर उभे होते.

संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना बसवलं. "उत्कर्षा, नियम कुणासाठी?"

'ग्राहकासाठी' एवढंच म्हटलं असतं तर विषय मिटला असता. नोकरीलाही धोका राहिला नसता.

"ग्राहकासाठीच केला, सर. पण..." तिनं श्रीशैलकडे पाहिलं नाही. "माझी त्यात सोय झाली, हेही खरं. म्हणून कुणालाच आधी विचारलं नाही. काशम्मा, चुकलं माझं."



"आन् ह्याला काय म्हणणार गं पोरी तू, यव्वा?" काशम्मांनी श्रीशैलकडे बोट करत विचारलं.

"ते... त्यांनीच सांगायचं."

श्रीशैल खाली मान घालून उठला, बाहेर गेला. नियमाचं उद्या ठरवू, असं म्हणून सरांनी बैठक मोडली. काशम्मांनी पिशवी उचलली. उद्या येणार की नाही, ते बोलल्या नाहीत.

गल्लीच्या टोकाला श्रीशैलची मोटारसायकल सुरूच होती.

"स्टेशनला सोडतो. पण अक्का गेल्या तर मी जाणार. तो शब्द तसाच आहे."

"माहीत आहे."

"तरी बसता?"

ती बसली. आधी सीटची कड धरली, मग त्याचा खांदा. चौकात स्टेशनचा रस्ता उजवीकडे गेला. मोटारसायकल सरळ गेली. कुठं, ते तिनं विचारलं नाही.