अजून पोचलो नाही

औरंगपुऱ्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी रक्त तपासते. मशीन सांगेल तेवढं खरं, बाकी सगळी बडबड, असा माझा खाक्या. अम्मीचं आणि माझं वाजतं ते यावरूनच. "तबस्सुम, शिकून तुझं डोकं कोरडं झालंय," ती म्हणते. घरात आमचं दखनी चालतं, पण भांडण मात्र कुठल्याही भाषेत होतं.

माझा धाकटा भाऊ हारिस डॉक्टरकी शिकायला परदेशातल्या एका बेटावर निघाला, तेव्हा चिकलठाण्याच्या विमानतळाबाहेर अम्मीनं त्याच्या उजव्या दंडाला इमाम जामिन बांधलं. हिरव्या फडक्यात एक नाणं, तिहेरी गाठ आणि वर सुईचा टाका. प्रवासाला निघणाऱ्याला आमच्यात असं बांधतात, म्हणजे वाटेत इमाम त्याचे जामीन राहतात.

"सुखरूप पोचलास की सोड," अम्मी म्हणाली. "आणि तिथल्याच एखाद्या गरिबाला दे. जिथं पोचलास तिथंच. तवर प्रवास संपला असं समजू नको."

हारिसनं मान डोलावली आणि माझ्याकडं बघून डोळे फिरवले. मला हसू आवरेना. मग आमच्याकडं पाठ करून त्यानं दंडाशी काहीतरी चाळा केला, जाकीट काढलं, "गरमीच्या मुलखात हे कशाला?" म्हणत माझ्या अंगावर फेकलं आणि आत गेला.

पहिल्या व्हिडिओ कॉलवर त्यानं सगळं फिरून दाखवलं. हॉस्टेलची खोली, नारळाची झाडं, खिडकीबाहेर राखाडी समुद्र. पत्र्यावर पाऊस कोसळत होता. "आपा, भातात मासे, पावातही मासे! उशीलासुद्धा मासळीचा वास!" दंडावर हिरवं फडकं होतं.

"पोचलास ना? मग सोड की ते," अम्मी म्हणाली.

हारिसचं हसू गेलं. "अजून पोचलो नाही, अम्मी."

"मग हे हॉस्टेल कुणाचं दाखवतोयस, सासऱ्याचं?" मी म्हटलं.

तो हसला नाही. एरवी असल्या बोलण्यावर त्यानं मला दोन सुनावली असती.

पुढच्या प्रत्येक कॉलवर तेच. वर्गात गेलो, शवविच्छेदन बघितलं, चक्कर आली नाही, सगळं सांगायचा. पण पोचलास का विचारलं की, "अजून नाही." अम्मीच्या घशाखाली घास उतरेना. नव्या जागी पोरं बावरतात, असं मी तिला समजावत होते. खरं तर मीही घाबरले होते.

शेवटी मी त्याच्या खोलीतल्या संघपालला फोन लावला. तो पैठणचा.

"ताई, तुम्हीच समजवा त्याला," तो म्हणाला. "बूट काढत नाय. झोपतो बी बुटातच, पाठीला बॅग तशीच. इथं लई पाऊस, मोजे पार कुजले त्याचे. काय विचारलं की म्हणतो, पोचलो की सांगतो."

"आणि दंडावरचं फडकं?"

"ते तर आंघोळीला बी सोडत नाय."

त्याच दुपारी मी हारिसचं जाकीट धुवायला काढलं. खिसे चाचपले. आतल्या खिशात हिरवं फडकं होतं. तिहेरी गाठ आणि वर अम्मीच्या हातचा टाका. बोटांना नाणं लागलं.

मी लगेच व्हिडिओ कॉल केला. त्याच्या दंडावर तेच फडकं होतं. मी फोन डोळ्यांशी नेला. टाकाही तोच.

"हारिस, ते कुठून आणलंस?"

"अम्मीनं बांधलं ना."

"आणि हे?" मी हातातलं त्याला दाखवलं.

त्यानं आपल्या दंडाला हात लावून बघितलं. मागचा पाऊस ऐकू येईनासा झाला होता. मग त्याचे ओठ थरथरले. लहानपणी गुडघा फुटला की थरथरायचे तसे.

"आपा, लई थकलोय मी. मला पोचव ना."

अम्मी आत नमाज पढत होती. तिला विचारलं असतं तर तिनं थांब म्हटलं असतं, आणि मला थांबायचं नव्हतं. माझा भाऊ रडत होता. मी तशीच जिना उतरले. गल्लीच्या तोंडाशी गोजरबाई मागायला बसते. तिच्या पदरात फडकं टाकलं. तिनं दातानं टाका तोडला, गाठ सोडली आणि नाणं कनवटीला लावलं.

मी परत जिन्यात पोचते तोच फोन वाजला.

"ताई, बूट काढले हारिसनं!" संघपाल ओरडत होता. "पोचलो म्हणाला! हसला बी!"

मी पायरीवरच बसले आणि ओक्साबोक्शी रडले. अल्ला, सुटलो एकदाचे!

"दे त्याला फोन."

"देतो ना. हारिस? ए हारिस..." मग नुसता संघपालचा श्वास. "ताई, आता इथंच व्हता. बूट हायेत. बॅग हाय."

"बाहेर गेला असेल."

"दार आतून लावलेलं हाय, ताई."

मी वर धावले.

आमचं दार उघडं होतं. बाहेर ऑक्टोबरचं ऊन रणरणत होतं आणि उंबऱ्याशी फरशी ओली होती. घरभर मासळीचा वास.

"तबस्सुम, आलीस?" आतून अम्मीचा आवाज आला. इतक्या दिवसांत तिचा आवाज असा खुलला नव्हता. "टॉवेल आण भावाला. बघ कसा भिजलाय."

जेवायला जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानापाशी तो अनवाणी बसला होता. तळवे पांढरे, सुरकुतलेले. अम्मी ताटात भात वाढत होती आणि त्याच्या ओल्या केसांवरून हात फिरवत होती.

दंडावर फडकं नव्हतं; ते मी इथंच, आमच्याच गल्लीत देऊन आले होते. तिथं फिकट पट्टा होता, उन्हात फार दिवस काही बांधून फिरल्यावर उठतो तसा.

"हारिस," मी म्हटलं.

त्यानं वर बघितलं आणि अदबीनं जरा सरकून बसला.

"बाई," तो म्हणाला, "हे कुठलं गाव?"