गंगा आज अठरा वर्षांची झाली

शुक्रवारच्या बाजारामुळे म्हापशाच्या बसस्टँडसमोरचं कँटीन भरलेलं होतं, म्हणून तो माझ्या टेबलाशी येऊन थांबला.

"बसूं?"

मी मान हलवली. ऑफिसातलं इंटरनेट गेलेलं म्हणून इथे येऊन बसले होते, आणि समोर लॅपटॉपवर तीनशे बारा लाल रेघा — तितक्या चाचण्या नापास.

"इतक्या चुका एकट्याकडून होत नाहीत," तो पाव मोडत म्हणाला.

"एकटीकडून," मी म्हणाले. तो हसला… डोळ्यांनी आधी.

रुद्रेश, हळर्णचा. माझ्यासारखंच सॉफ्टवेअर तपासायचं काम करायचा. मी गौरवी, मयेची. माझ्या कंपनीचं सॉफ्टवेअर एका इस्पितळात लहान मुलांच्या औषधाचा डोस ठरवणार होतं — सोमवारपासून.

"सगळ्यांत वरची एकच बघा," तो म्हणाला.

ती चाचणी सुरूच झाली नव्हती. प्रत्येक चाचणीआधी सेटअप चालतो. तो गंगा नावाची खोटी रुग्ण मुलांच्या वॉर्डात दाखल करतो. आज तोच अडला होता.

इतक्यात माझे वरिष्ठ, गुरुदाससर, यांचा फोन आला; काय अडलंय ते मी सांगितलं. "सेटअपची चूक दाबून टाक, गौरवी. पुढे जाऊ दे."

मी तसं केलं. सगळं हिरवंगार झालं.

"यातली एक तरी चाचणी गंगाला भेटली?" रुद्रेशनं हळूच विचारलं.

नव्हती. रुग्णच नाही, तर तपासणार काय? रुग्णांच्या रिकाम्या यादीवरून फिरून सगळ्या पास झाल्या होत्या.

मी बदल मागे घेतला आणि गंगाची जन्मतारीख वाचली. कुणीतरी कधीतरी सहज लिहिलेली… बरोबर अठरा वर्षांपूर्वीची, आजची.

"ती आज अठराची झाली," मी पुटपुटले. "मुलांचा वॉर्ड तिला घेईल कसा?"

तो पाव हातात धरून माझ्याकडे बघतच राहिला. असं कुणी कधी माझ्याकडे पाहिलं नव्हतं.

मी तारीख काढून टाकली, गंगाला कायमची दहा वर्षांची केली. तीनशे अकरा हिरव्या. एक लाल — खरीखुरी. वजन नोंदवलं नसेल, तर मुलाला मोठ्या माणसाचा डोस जात होता. कालपर्यंतच्या सतरा वर्षांच्या गंगाला मुलांचा आणि मोठ्यांचा डोस सारखाच, म्हणून इतके दिवस कळलंच नव्हतं.

मी सरांना फोन लावला.

"सोमवारी सुरू करायचं नाही, सर. मी तपासणीवर सही करणार नाही."

मग सर म्हणाले, "ती लाल चाचणी पाठव, मी बघतो."

चूक सुधारायला तीन आठवडे लागले. तोवर आमचं फोनवर बोलणं वाढलं होतं; त्यानंतरच्या रविवारी रुद्रेश मयेला आला. आम्ही तळ्याकाठी बसलो; पाणी उन्हानं लखलखत होतं.

"काम काढलंस काही?" मी विचारलं.

"ना गो." तो पाण्याकडे बघत होता. "त्या दिवशी तू सरांना नाही म्हणालीस… आवाज कापत होता तुझा, तरी म्हणालीस. तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही. तू मला आवडतेस, गौरवी."

मी उठून उभी राहिले.

"घरी चल," मी म्हणाले. "आई अंगणात आहे."

"आणि तू काय म्हणतेस?"

"चल म्हटलं ना…"