हिरडेवाडीचा मुराळी

वनखात्याच्या नाक्यावर अपेक्षाची गाडी अडली ती मागच्या सीटवर ऐटीत बसलेल्या तर्रीमुळे. तर्री म्हणजे तिचा कुत्रा. यवतमाळच्या पोह्यांवर ओततात त्या तर्रीसारखा तांबडा रंग, म्हणून हे नाव. नोकरीसाठी घर सोडून पुण्यात आलेल्या, विश्रांतवाडीच्या एका खोलीत राहणाऱ्या पोरीनं घरच्या आठवणीनं कुत्र्याचं नाव ठेवावं, यात नवल ते काय!

"अभयारण्य आहे मॅडम. कुत्रं आत जात नाही," गार्ड म्हणाला.

"मी पट्टा लावते ना!"

"बिबट्याला पट्टा दिसत नाही." हा आवाज मागून आला.

तिनं वळून पाहिलं. डोक्यापासून पायापर्यंत भिजलेला एक सावळा, उंच तरुण. हातात दोन कुत्री, पायाशी दोन, आणि मागे छत्र्या सावरत उभे असलेले त्यांचे मालक. चेहरा असा गंभीर, की हा कुणाच्या तरी दहाव्याला निघालाय असं वाटावं. पण डोळे मात्र… डोळे हसत होते. त्यानं तर्रीच्या अंगातला पिवळाधमक रेनकोट एकदा निरखून पाहिला.

"यांना छत्री नाही दिली?"

"दिली होती. घरी विसरले ते."

तोंडावर असं उत्तर मिळायची त्याला सवय नसावी. तो म्हणाला, "पलीकडे एक वाट आहे. खासगी रान आहे, मालकाची परवानगी घेतलीय. अडीच तासांची चाल. यायचं तर या. पण तो झगा काढा त्याचा. बोचकं झालंय बिचाऱ्याचं."

झालं! सुरुवात झाली ती अशी.

त्याचं नाव समर्थ. आठवडाभर पुण्याजवळच्या मांजरी गावात उसाच्या प्रयोगशाळेत नोकरी, आणि रविवारी ही अशी कुत्र्यांची दिंडी घेऊन मुळशीच्या डोंगरात भटकायचं. कुठल्या वाटेवर कुत्रं चालतं, कुठे चालत नाही, याची त्याच्याजवळ पक्की यादी होती. अभयारण्यात पाऊल टाकायचं नाही. देवराईत कुत्रं पट्ट्यात, आणि माणूस अनवाणी. गुरं समोरून आली तर आपण बाजूला व्हायचं, कारण वाट त्यांची. परतल्यावर तो एकेका कुत्र्यापुढे गुडघ्यावर बसायचा आणि पंजाच्या बेचक्यांत गोचीड शोधायचा. तर्री कुणाला पायाला हात लावू द्यायचा नाही, पण समर्थपुढे गपगुमान पंजा धरायचा. त्या चिखलानं माखलेल्या, हळुवार बोटांकडे अपेक्षा पाहत राहायची, आणि आपण नेमकं काय पाहतोय हे दुसऱ्याच रविवारी तिच्या लक्षात आलं. तिला तो आवडला होता. चांगलाच आवडला होता.

"पुढच्या वेळी येणार?" तो विचारायचा.

"हौ."

"हौ म्हणजे?"

"हौ म्हणजे हौ! होय म्हणायला तुम्हा पुण्याकडच्यांना तोंड वाकडं करावं लागतं. आमचं आपलं एका श्वासात काम."

"श्वास वाचवून ठेवा. पुढे चढ आहे," तो मान खाली घालून म्हणायचा. पण चढावर हात मात्र तिलाच द्यायचा. आणि चढ संपल्यावर तो हात सोडायला दोघांनाही थोडा उशीरच व्हायचा.

असे चार रविवार गेले. पाचव्या रविवारी पावसानं झोडपून काढलं. बाकीची मंडळी कुत्र्यांसह पुढे निघून गेली, आणि हे दोघं तर्रीला मध्ये घेऊन एका कपारीत थांबले. डब्यातलं थालीपीठ तिघांनी वाटून घेतलं.

"हा कुठे मिळाला तुम्हाला?" तर्रीचं डोकं खाजवत त्यानं विचारलं.

"रेस्क्यू केलाय." हे सांगताना तिचा आवाज नेहमीच थोडा वर जायचा. "तीन वर्षं झाली. ऑफिसचा ट्रेक होता, मिस्टी रिज म्हणून. दिवसभर आमच्यासोबत चालला, संध्याकाळी गाडीपाशी आला आणि दारात उभा राहिला. अशा नजरेनं बघत होता… मला राहवेना. घेतला उचलून."

"मिस्टी रिज?" तो हसला. "तुमच्या त्या मोबाइलवाल्यांनी डोंगरांची काय काय बारशी केलीत! कोण जाणे कुठला असेल." मग त्यानं एक तुकडा तर्रीला दिला. "आमच्याकडेही होता एक. मुराळी."

"मुराळी?"

"सासुरवाशिणीला माहेरी न्यायला येतो तो मुराळी. आमच्या वाडीत कुत्र्याचं हेच काम. कुणी पाहुणा डोंगर चढायला आला, की घरचं कुत्रं त्याच्याबरोबर वर जाणार, धुक्यात वाट दाखवणार, खाली आणणार आणि गाडीपर्यंत सोडायला जाणार. पाहुणा गाडीत बसला, गाडी हलली, की मगच माघारी. बाबांनीच शिकवलं होतं त्याला. मी तेव्हा नोकरीला बेळगावकडे होतो. दोन महिन्यांचं पिल्लू असताना एकदा पाहिलं, तेवढंच."

"मग… काय झालं त्याचं?"

"पंधरा ऑगस्टला पुण्याहून मंडळी आली होती. तो सोडायला गेला आणि परत आलाच नाही. बाबांनी आठ दिवस डोंगर पालथा घातला. त्यांना वाटलं, बिबट्यानं नेला. निदान काही खूण तरी सापडेल म्हणून कड्यापर्यंत गेले, पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं. नंतर वाडीतल्या एकीनं सांगितलं, की गाडीत घालून नेला म्हणून." त्यानं बाहेर पावसाकडे पाहिलं. "मी नोकरी सोडून आलो तो त्यामुळेच. माणसं वाईट नसतील हो. पण विचारायचं तरी! पंचवीस पावलांवर घर होतं."

अपेक्षाच्या हातातला घास हातातच राहिला. पंधरा ऑगस्ट. ऑफिसचा ट्रेकही त्याच सुटीला होता. डांबर जिथे संपतं तिथे उंबराचं झाड, पलीकडे कौलारू घर, आणि गाडीच्या दारात शेपटी हलवत उभा असलेला तांबडा कुत्रा. मला घेऊन चला, असं म्हणत होता ना तो? गेली तीन वर्षं ती हेच तर सगळ्यांना सांगत आली होती! आणि तो नुसता पोचवायला आला होता. 'या' म्हणायला.

"थंडी वाजतेय का?" समर्थनं विचारलं.

तिनं हातातला घास तर्रीपुढे ठेवला आणि डबा बंद केला.

पुढचे दोन रविवार तिनं डोकेदुखीची सबब सांगितली. शेजारच्या खोलीत राहणारी श्रद्धा मात्र सरळ हिशेबाची मुलगी. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, "वेडी आहेस का? सांगतेस कशाला? कुणालाही कळणार नाही. कुत्रा तुझ्याकडे मजेत आहे, तो माणूस तुझ्यावर भाळलाय. सांगितलंस तर दोन्ही जातील."

श्रद्धाचं काय चुकत होतं? काहीच नाही. तर्री म्हणजे अपेक्षाचं पुण्यातलं अख्खं घर होतं. तापानं फणफणली तेव्हा रात्रभर उशाशी बसणारा, नोकरी जाते की राहते अशा दिवसांत संध्याकाळी दारात उड्या मारणारा. आणि समर्थ… त्याचं तर आता कुठे सुरू होत होतं. पण तर्रीनं पंजा पुढे केला, की तिला न पाहिलेला एक म्हातारा दिसायचा, कड्यावर उभा राहून हाका मारणारा.

शेवटी तिनं फोन केला. "तुमच्या वाडीची वाट दाखवाल? गट नको. मी आणि तर्रीच."

"त्या वाटेला मी कुत्री नेत नाही. बाबांना त्रास होतो," तो म्हणाला. मग आवाज एकदम मऊ झाला. "पण तुम्ही म्हणताय म्हणून… या. घरही पाहाल."

शनिवारी सकाळी हिरडेवाडीच्या फाट्यावर तो उभा होता. नेहमीचा चिखलाचा शर्ट नव्हता, इस्त्रीचा पांढरा सदरा होता, आणि दाढी गुळगुळीत. त्याला काय वाटलं होतं ते आंधळ्यालाही दिसलं असतं. तो गाडीत तिच्या शेजारी येऊन बसला.

डांबर संपलं तिथे तिनं गाडी थांबवली. उंबर होता तसाच होता. तर्री मागच्या काचेला नाक लावून थरथरत होता.

"समर्थ, इथूनच," ती म्हणाली. "तीन वर्षांपूर्वी… इथूनच नेला मी त्याला. हा तुमचा मुराळी आहे. मला माहीत नव्हतं. तुम्ही सांगितलंत त्या दिवशी कळलं, आणि तरी मी वीस दिवस गप्प बसले."

तो तिच्याकडे पाहतच राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं ते तिला स्पष्ट दिसलं. तो खाली उतरला आणि त्यानं मागचं दार उघडलं.

तर्री सुसाट सुटला, आणि हे दोघं त्याच्या मागोमाग.

समर्थचे बाबा, हिंदुराव, पडवीत वाखाची दोरी वळत बसले होते, काठी शेजारी. कुत्र्यानं त्यांच्या मांडीत तोंड खुपसलं आणि लहान पोरासारखा कण्हू लागला. म्हाताऱ्यानं दोरी बाजूला ठेवली. पाठीवरून हात फिरवला, कान चाचपले, पुन्हा पाठीवरून हात फिरवला. आतून समर्थची आई, सोजरबाई, दारात आली आणि पदर तोंडाला लावून तिथेच उभी राहिली.

"जाडा झालास रं," हिंदुराव म्हणाले. एवढंच. मग मान वर करून, "कुटं घावला ह्यो?"

समर्थनं अपेक्षाकडे पाहिलं. सांगणं तिच्या वाटेचं होतं.

"मीच नेला होता, बाबा. मला वाटलं, त्याला कुणी नाही."

"आन् इचारलं का न्हाईस? घर हितंच हुतं की."

ती उभी राहिली, डोळे पुसायचीही लाज वाटत होती.

"आठ दिस हाका मारल्या म्या," म्हातारा म्हणाला. आवाज चढला नव्हता, आणि तेच तिला सोसवेना. थोड्या वेळानं त्यांनी कुत्र्याच्या बरगड्या चाचपल्या. "खायाला घातलंस मातर. मारलेलं बी दिसत न्हाई. तेवढं बरं केलंस."

अपेक्षानं गाडीतून त्याची गादी आणली, डॉक्टरांची फाइल आणली. कान दुखतात त्याचे, थेंब सकाळी घालायचे, डाळ पचत नाही, असं सगळं भराभर सांगितलं. सोजरबाई ऐकत होती की नाही, देव जाणे. कुत्रा म्हाताऱ्याच्या पायाशी डोळे मिटून पडला होता. त्याच्या डोक्यावर हात ठेवायलाही ती धजली नाही. तशीच वळली आणि गाडीकडे चालू लागली.

समर्थ मागून आला. गाडीचं दार उघडताना ती म्हणाली, "माझं नाव रविवारच्या गटातून काढून टाका. तुम्हाला माझं तोंडही बघायला नको वाटत असेल. मी आता येणार नाही."

"हे तुम्हीच ठरवलंत?"

"म्हणजे?"

"त्याला नेताना कुणाला विचारलं नाहीत," तो म्हणाला, आणि इतका वेळ दाबलेला राग आता आवाजात आला. "आज ठेवून चाललात, तेही कुणाला न विचारता. बाबांना एवढ्या मोठ्या कुत्र्याचं करणं झेपेल का, विचारलंत? तुम्ही पुन्हा यावं असं इथे कुणाला वाटतं का, विचारलंत? आणि मी… माझं काय ते तर तुम्ही परस्परच निकालात काढलंत! अहो, विचारा ना कधीतरी! माणसं उत्तर देतात."

ती गाडीला टेकून उभी राहिली. भुरभुर पाऊस सुरू झाला होता, आणि त्याचा इस्त्रीचा सदरा खांद्यावर भिजून काळपट दिसत होता.

"समर्थ… मी येऊ का? त्याला भेटायला. पण नुसतं त्याला नाही. तुम्ही मला फार आवडता, आणि आता हे म्हणायचा मला हक्क नाही, तेही कळतंय. तरी विचारते. येऊ?"

"राग आहे मला," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"लवकर जायचा नाही."

"माहीत आहे."

त्यानं ओल्या केसांवरून हात फिरवला. मग प्रथमच तिच्याकडे नीट पाहिलं. "या," तो म्हणाला. "रागावलेला असेन, पण वाट बघेन. पुरेल?"

तिनं नुसती मान हलवली.

"बाबांचं मात्र मी सांगणार नाही," तो म्हणाला. "त्यांना तुमचं तुम्हीच विचारायचं."

अपेक्षा ती पंचवीस पावलं चालली. तीन वर्षांपूर्वी चालली असती तर एका मिनिटाचं काम होतं. पडवीच्या पायरीशी ती थांबली. हिंदुरावांनी दोरी पुन्हा हातात घेतली होती.

"बाबा, पुढच्या रविवारी मी आले तर चालेल का?"

म्हाताऱ्यानं पीळ पुरा केला, गाठ मारली, आणि वर न बघताच म्हणाला, "च्या टाकलाय तिनं आत. आदी त्यो पी. रईवारचं रईवारी बगू."

तिनं बूट काढले आणि पडवीत बसली. थोडी जागा सोडून समर्थही येऊन बसला.