चांदीचे टाके

पोट नीट शिवलं, तरी बाया मरत. का?

हा प्रश्न इरावतीला विचारला तो एका मेलेल्या माणसानं. मिरजेच्या इस्पितळात तिच्या आईला पोट चिरून बाळंत करायला आत नेलं होतं. बाहेरच्या दालनात तो बसला होता. डॉ. ओटो ब्रेनर, पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञ (बायकांच्या आजारांचा डॉक्टर). म्हणजे त्याच्या डायऱ्या पढवून बनवलेला, येणाऱ्याजाणाऱ्यांना त्याची गोष्ट सांगणारा यंत्रमानव. छातीवर नावाची पाटी, चेहरा मेणाचा, पापणी लवत नव्हती. बोटं मात्र हवेत टाके घालत होती.

"आई जगेल ना?" तिनं विचारलं.

"मीही एकीला हो म्हणालो होतो. बाळ काढलं, पोट शिवलं. तिसऱ्या दिवशी ती गेली."

इरावती पुढं सरकली. "चुकलं कुठं?"

त्यानं लाल पाणी भरलेल्या, एकात एक घातलेल्या दोन पारदर्शक पिशव्या पुढं केल्या. "आतली गर्भाशय (बाळ वाढतं ती स्नायूंची पिशवी), बाहेरची पोट. दोन्ही चिरल्या. शिवली फक्त बाहेरची. दाब."

तिनं दाबलं. बाहेर थेंब नाही. आत मात्र लाल पाणी पसरत गेलं.

"आतली उघडीच? एवढे शिकलेले तुम्ही!"

"गुरू म्हणायचे, ती आपोआप मिटते. शिवलीच, तर टाके काढणार कसे? पुन्हा पोट फाडून?"

"काढायचे कशाला? राहू देत की आत!"

त्याची बोटं थांबली.

"हे कळेपर्यंत अकरा बाया गेल्या, मुली. मग चांदीची तार पाण्यात उकळली, आतली पिशवी शिवली, तार आतच ठेवली. शरीरानं ती सोसली. बारावी उठून बसली."

"त्या अकरा जणींची नावं?"

"लिहिली नाहीत."

"आणि तुमचं मात्र पाटीवर! लाज नाही वाटत?"

त्याची बोटं पुन्हा हवेत टाके घालू लागली.

दार उघडलं. डॉक्टर शिकलगारबाई बाहेर आल्या. इरावती त्यांच्या वाटेत आडवी उभी राहिली. "आतली शिवलीत?"

"अगं, आधी तीच! आई छान आहे. बहीण झालीय तुला, केवढी ओरडतेय!"

तरी इरावती हटेना. "चांदीनं शिवली?"

"छे, विरघळणाऱ्या दोऱ्यानं (शरीर जो हळूहळू जिरवून टाकतं)."

"पण मुळात दोरा कशाला लागतो? डिंकासारखं चिकटवता नाही का येणार?"

"आम्हाला तसंच शिकव..." बाई मध्येच थबकल्या. मग हसल्या. "मला नाही माहीत गं. आधी आईला भेट. मग दोघी मिळून शोधू."